जयपुरातल्या हंगेरियन वेली आणि ऑक्टोबरची छाटणी

१९६० च्या जानेवारीत, संक्रांतीच्या थोडे आधी, जयपूरजवळच्या एका सरकारी प्रयोगबागेतील हंगेरियन द्राक्षवेलींची कोवळी फूट एका रात्रीच्या हिमतुषाराने, म्हणजे गोठलेल्या दवाने, जळाली. फुटीबरोबर घडही गेले. हे घड मार्चमध्ये येणाऱ्या हंगेरियन पाहुण्यांना दाखवायचे होते. ते दाखवता आले नाहीत तर वेली उपटून जमीन भाजीपाल्याच्या बियाण्यासाठी द्यायची, असे आधीच ठरलेले होते.

मी त्या वेळी केंद्र सरकारच्या माहिती कचेरीत, जयपूरला होतो. त्याआधी पुण्यात एका दैनिकाच्या उपसंपादकाच्या टेबलावर काही वर्षे काढली होती. माहिती कचेरीतले काम बाहेरच्यांना चटकन कळत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. सरकार जे करते त्याचे पत्रक लिहायचे, ते अधिकाऱ्याकडून मंजूर करून घ्यायचे आणि शिपायाकरवी सायकलवरून वर्तमानपत्रांना पोचवायचे. छापायचे की नाही हे त्यांच्या मर्जीवर. बाहेरचे पाहुणे आले की त्यांच्याबरोबर फिरायचे. पत्रकाची भाषा अंगवळणी पडली की वाचतानाच खरे काय ते कळते. ‘करण्यात आले’ म्हणजे काम झाले. ‘करण्यात येत आहे’ म्हणजे अजून सुरू व्हायचे आहे. ‘विचाराधीन आहे’ म्हणजे कागद सापडत नाही. मी स्वतःपुरता एक नियम ठेवला होता. डोळ्यांनी पाहिले नसेल त्याला ‘आले’ लावायचे नाही. या नियमामुळे माझी पत्रके आखूड असत आणि वरिष्ठ नाराज असत.

प्रयोगबाग आग्रा रस्त्यावर, कानोत्याच्या अलीकडे होती. बागेचे प्रमुख भास्करराव धोंडगे, निफाड तालुक्यातले. घरची द्राक्षबाग, शेतकीची पदवी, मग सरकारी नोकरी. जयपुरात मराठी घरे मोजकी होती, त्यामुळे ओळख लवकर झाली. रविवारी मी सायकल काढून बागेत जात असे. त्यांच्या पत्नी शकुंतलावहिनी भाकरी आणि ठेचा करत. राजस्थानात राहून बाजरीची भाकरी मिळते याचे त्यांना समाधान होते, पण शेंगदाणे कुटायला इथे कुणी चांगला खलबत्ता विकत नाही ही तक्रार कायम होती.

या बागेत तीन वर्षांपूर्वी हंगेरीहून भेट म्हणून आलेल्या द्राक्षकाड्या लावल्या होत्या. जातीचे नाव हार्शलेवेलू. त्या भाषेत त्याचा अर्थ लिंडेन नावाच्या झाडासारख्या पानांची, असा होतो. पान गोलसर, फारसे न कातरलेले. मणी पांढरे, पिकताना हिरवट पिवळे होणारे, जाड सालीचे, बियांचे. घड लांबच लांब, सडपातळ. हंगेरीत या द्राक्षापासून गोड आणि कोरडी अशी दोन्ही प्रकारची वाइन करतात आणि दोन्हींत त्याचा वास टिकतो. काड्या जयपुरात का आल्या, याचे उत्तर कुणाकडे नव्हते. भेट आली होती, नाकारता येत नव्हती, आणि दिल्लीला द्राक्ष म्हटल्यावर धोंडगे आठवले.

दोन वर्षे वेली मांडवावर चढवण्यात गेली. तिसऱ्या वर्षी, १९५९ च्या पावसाळ्यानंतर, उपसंचालक माथुर बागेत आले. माथुर जयपूरचेच, स्वभावाने वाईट नव्हते, पण त्यांना प्रत्येक गोष्ट तारखेला हवी असे. मी त्या दिवशी पत्रकासाठी तिथे होतो.

“धोंडगेजी, मार्च में हंगरी वाले आ रहे हैं। अंगूर दिखेंगे?”

“साब, यहाँ का अंगूर जून में आता है।”

“जून में मैं उनको क्या दिखाऊँगा, फोटो? देखिए, बीज वाले मेरी जान खा रहे हैं इस ज़मीन के लिए। मार्च में अंगूर दिख गया तो बाग आपकी। नहीं दिखा तो बेल उखड़ेगी, टमाटर लगेगा। साफ़ बात।”

धोंडगे यांनी मांडवावरची एक काडी वाकवून पाहिली. मग म्हणाले, “दिखेगा।”

माथुरांची जीप गेल्यावर मी विचारले, “भास्करराव, कसं दिखेगा?”

“आमच्याकडं मार्चला माल निघतो का नाही? ऑक्टोबरला छाटायचं. इथं कुणी छाटत नाही म्हणून इथं येत नाही.”

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. नाशिककडे द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलमधली खरड छाटणी नवी काडी तयार होण्यासाठी, ऑक्टोबरमधली छाटणी फळासाठी. तिकडचा हिवाळा सौम्य, त्यामुळे ऑक्टोबरला छाटलेली वेल लगेच फुटते, घड धरते आणि उन्हाळा तापायच्या आत फळ देते. उत्तरेत तसे करत नाहीत. तिथे वेल हिवाळ्यात पाने टाकते, उघडी बोडकी उभी राहते आणि जानेवारीच्या अखेरीस एकदाच छाटली जाते. धोंडगे यांना हे माहीत होते. आधीची दोन्ही वर्षे त्यांनी जानेवारीतच छाटणी केली होती.

“आणि थंडी?” मी विचारले.

“अहो सबनीस, ही वेल कुठली? हंगेरीची. तिथं गुडघाभर बर्फ पडतं म्हणतात. तिला जयपूरची थंडी काय करणार हाय? उलट आमची नाशिकची भोकरी जातीची वेल असती तर मी भ्यालो असतो.”

ऐकताना हे पटण्यासारखे होते. मलाही पटले.

दसऱ्यानंतर छाटणी झाली. कात्र्या धोंडगे यांनी गावाहून मागवलेल्या होत्या. बागेचा माळी घीसाजी आणि त्याचे दोन भाऊ हाताखाली होते. भिंतीकडची एक ओळ मात्र धोंडगे यांनी छाटली नाही. प्रयोगबागेचा नियम होता, कोणताही बदल करताना एक ओळ तुलनेसाठी जुन्याच पद्धतीने ठेवायची. माथुरांना ही ओळ खटकली.

“ये लाइन ऐसे ही जंगली खड़ी रहेगी? मेहमान आएँगे, पूरी बाग एक जैसी दिखनी चाहिए।”

“साब, वो तुलना की है। उसको हाथ नहीं लगेगा।”

“अरे भाई, तुलना किससे करनी है? टमाटर से?”

“आप लिखके दीजिए, मैं काट देता हूँ।”

माथुरांनी लिहून दिले नाही. ओळ तशीच राहिली. त्या बागेत धोंडगे यांनी वरिष्ठांचे न ऐकल्याचा मी पाहिलेला हा एकच प्रसंग.

नोव्हेंबरात मी बागेत गेलो तेव्हा छाटलेल्या वेलींवर पोपटी फूट हातभर वाढली होती आणि फुटीच्या पोटाशी हिरव्या मोहरीच्या दाण्यांसारखे बारीक घड दिसत होते. मी ते डोळ्यांनी पाहिले आणि पत्रक काढले, ‘हंगेरियन द्राक्षवेलींवर घड आले आहेत.’ दोन वर्तमानपत्रांनी छापले. दिल्लीने पाहुण्यांच्या कार्यक्रमात बागेची भेट पक्की केली.

पत्रक वाचून एक अनपेक्षित माणूस बागेत आला. आग्रा रस्त्यावरच्याच एका ठिकाण्याचे, म्हणजे जुन्या जहागिरीचे, वृद्ध ठाकूर. पांढऱ्या मिशा, केशरी साफा, सोबत जुनी मोटार आणि तिच्याहून जुना ड्रायव्हर. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या केशर, बडीशेप, गुलाब घालून आसव गाळत. नव्या कायद्यांनंतर भट्ट्या बंद झाल्या होत्या. त्यांनी मांडवाखाली उभे राहून बारीक घडाला नाक लावले.

“अभी तो कुछ नहीं आ रहा।”

“हुकम, अभी फूल भी नहीं खुला,” घीसाजी म्हणाला.

“दो कलम दे दो, धोंडगेजी। मेरे कुएँ पर लगा दूँगा।”

“ठाकुरसाब, सरकारी माल है। पत्ता भी नहीं दे सकता।”

“सरकार ने हमारी भट्टी ले ली, हमने तो नहीं कहा पत्ता भी नहीं देंगे।” ठाकूर हसले, बरोबर आणलेला मिठाईचा पुडा वहिनींच्या हाती दिला आणि गेले. पिकल्यावर वास घ्यायला येईन, असे जाताना बजावून गेले.

डिसेंबर नेहमीसारखा गेला. जानेवारीत दोन दिवस उत्तरेचे वारे सुटले, मग वारा एकदम पडला आणि आकाश निरभ्र झाले. हिमतुषारासाठी लागते ते हेच. धोंडगे यांनी रात्री ओले गवत पेटवून धूर केला होता. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो तेव्हा धुराचा वास बागेत होता. फूट उकडलेल्या भाजीसारखी लोंबत होती. पाने आधी काळपट हिरवी दिसत होती, संध्याकाळपर्यंत काळी झाली. धोंडगे एकेक घड बोटात धरून पाहत होते. धरला की गळत होता.

वहिनींनी चहा आणला. कुणी घेतला नाही. अखेर त्याच म्हणाल्या, “आता तोंडं पाडून वेल फुटणार आहे का? घ्या.”

भिंतीकडची ओळ मात्र पाने टाकून, काड्या सुकल्यासारखी उभी होती. तिला काही झाले नव्हते. काही व्हायला तिच्यावर काही नव्हतेच. महिनाअखेर धोंडगे यांनी ती नेहमीप्रमाणे छाटली. जळालेल्या ओळींना हात लावला नाही. त्यांना वाटत होते की त्या मेल्या.

माथुरांना कळवावे लागले. ते आले, पाहिले आणि रागावले नाहीत. त्याऐवजी त्यांनी उपाय काढला.

“हैदराबाद का अंगूर मार्च में दिल्ली आता है। दो पेटी मँगवा लेंगे। टोकरी में सजा के रख देना।”

“साब, वो लोग बेल पर देखेंगे।”

“तो धागे से बाँध दो।”

“साब, वो अंगूर वाले लोग हैं।”

“अरे, आधे तो मंत्रालय के होंगे। कौन पहचानेगा?” मग माझ्याकडे वळून, “सबनीसजी, आप तो लिखेंगे न, बढ़िया फसल?”

“बेल पर जो होगा, वो लिखूँगा,” मी म्हणालो.

“फिर तो दो लाइन का काम है,” माथुर म्हणाले. पेट्या मागवल्या गेल्या नाहीत. पण मार्चअखेर जमीन मोकळी करण्याचा लेखी हुकूम धोंडगे यांच्या टेबलावर आला. त्यांनी तो मला दाखवला आणि पेपरवेटखाली ठेवला.

तिघे पाहुणे मार्चच्या सुरुवातीला आले. बरोबर दिल्लीहून आलेला दुभाषी होता. सकाळी आमेरचा किल्ला, दुपारी बगरूची कापडछपाई असा कार्यक्रम होता. बगरूला दोघांनी निळीच्या कुंडात हात घातले आणि दिवसभर निळे हात घेऊन हिंडले. तिसरे साबो नावाचे वयस्क गृहस्थ कशातच रमले नाहीत. त्यांचे सगळे आयुष्य द्राक्षमळ्यात गेले होते. ते दुभाष्याला पुन्हा पुन्हा एकच विचारत होते. दुभाष्याने मला सांगितले, “पूछ रहे हैं, बेल कब दिखाओगे।”

बागेत पोचताच साबो मांडवाकडे गेले. पहिल्या ओळीतल्या काळ्या, वाळलेल्या फुटीपाशी थांबले आणि दुभाष्याला काही विचारले.

“पूछते हैं, कटाई कब हुई।”

“अक्टूबर में,” धोंडगे म्हणाले.

साबोंना भाषांतर चुकले असे वाटले. त्यांनी पुन्हा विचारले. पुन्हा तेच उत्तर गेले.

दुभाषी म्हणाला, “कहते हैं, अक्टूबर में तो हम अंगूर तोड़ते हैं। आप बेल काटते हैं?”

“हमारे गाँव में काटते हैं।”

“पूछते हैं, गाँव यहाँ से कितनी दूर है।”

“बहुत दूर। दो गाड़ी बदलनी पड़ती है।”

साबो हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि दुभाष्याला सावकाश काही समजावले. दुभाष्याने सांगितले ते असे. ही वेल बर्फात उभी राहते, कारण त्या वेळी ती झोपलेली असते. झोपलेल्या वेलीला थंडी काही करत नाही. तुम्ही तिला थंडीच्या तोंडावर जागे केले. धोंडगे यांनी एवढेच विचारले, “मर गई क्या?”

साबोंनी खिशातून चाकू काढला आणि काळ्या फुटीच्या खालच्या जुन्या काडीची साल नखाएवढी खरवडली. आत हिरवे होते. दुसरी वेल, तिसरी वेल, तेच. मग त्यांनी कोट काढून दुभाष्याच्या हातात दिला, धोंडगे यांच्याकडून निफाडची कात्री मागून घेतली आणि गुडघ्यावर बसून जळालेली काडी खोडापाशी दोन डोळे, म्हणजे फुटव्याच्या जागा, ठेवून कापली. कापातून पाणी टपकू लागले. वसंतात वेलीतला रस चढतो तेव्हा असे होते. धोंडगे शेजारच्या वेलीपाशी बसले. दोघांनी मिळून सगळी ओळ छाटली. माथुर उभे होते. घड्याळाकडे पाहून कंटाळल्यावर तेही सावलीला बसले.

भिंतीकडची ओळ दाखवताच साबोंचा चेहरा बदलला. तिथे डोळे नुकतेच फुटत होते. त्यांनी एका फुटीकडे बोट दाखवून दुभाष्याला सांगितले, इथे घड येणार. मग याच द्राक्षाच्या दोन वाइनींची गोष्ट निघाली. वेळेवर तोडले की कोरडी. वेलीवरच ठेवून, एका विशिष्ट बुरशीने मणी सुकू दिले की गोड, आणि तीच महाग.

“बुरशी लागलेली?” धोंडगे मला मराठीत म्हणाले. “आमच्याकडं मार्केटात दलाल गाडीसकट परत पाठवतो.”

निघताना साबोंनी माथुरांना विचारले, फळ जूनमध्ये आले की कळवाल का? माथुरांनी सरकारी पाहुण्याला जे उत्तर देता येते ते दिले, “अवश्य।” त्या शब्दापायी जमीन मोकळी करण्याची मुदत जूनअखेरपर्यंत वाढली.

त्या भेटीचे माझे पत्रक, माथुर म्हणाले होते तसे, दोन ओळींचेच झाले. ‘पाहुण्यांनी प्रयोगबागेला भेट दिली. हिमतुषाराने नुकसान झालेल्या वेलींची त्यांनी पाहणी करून छाटणी केली.’ सोबत साबो गुडघ्यावर बसल्याचे छायाचित्र पाठवले. एका वर्तमानपत्राने पत्रक टाकून छायाचित्र तेवढे छापले. खाली ओळ होती, ‘जयपूरच्या गुलाबांनी मोहित झालेले विदेशी अतिथी’. बागेत गुलाब नव्हते. मी खुलासा पाठवला. तो छापला गेला नाही.

एप्रिल-मेमध्ये जळालेल्या ओळींना बुंध्यापासून चांगली फूट आली, पण घड एकही नाही. भिंतीकडच्या ओळीला मात्र भरपूर आले. मे महिन्यात लू, म्हणजे तापलेले वारे, सुटली तेव्हा घीसाजीने उन्हाकडच्या बाजूला गोणपाट बांधले. पोपटांसाठी रिकामे डबे टांगले. धोंडगे यांनी त्या महिन्यात रजा असूनही गाव गाठले नाही. वहिनी एकट्या गेल्या. जाताना मला म्हणाल्या, “त्यांच्या जेवणाकडे बघा भावजी. वेलीकडे बघायला ते आहेत.”

जूनच्या मध्यावर घड पिवळसर झाले. कोपरापासून बोटांपर्यंत लांब. पावसाचा पहिला शिडकावा पडला की मणी फुटतात, म्हणून तोडणी घाईने केली. ठाकूर कबूल केल्याप्रमाणे आले. त्यांनी मणी तोंडात टाकण्याआधी चेचून तळहातावर चोळला, हात नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

“केवड़ा नहीं है। शहद है, और शहद के पीछे कोई फूल है जो यहाँ नहीं होता।”

माथुरांनी दोन मणी खाल्ले, बिया हातावर काढल्या. “धोंडगेजी, इसमें तो बीज है। और छिलका देखो, चमड़ा है।”

“साब, ये खाने का नहीं है। दारू का है।”

“धीरे बोलो, भाई।”

मी पत्रकाचा मसुदा माथुरांकडे पाठवला, ‘वाइनसाठी वापरल्या जाणाऱ्या हंगेरियन द्राक्षांचे पहिले पीक घेण्यात आले.’ त्यांनी पहिले तीन शब्द लाल शाईने काढले. राहिले ते वाक्य खोटे नव्हते. ते गेले आणि छापूनही आले. या नोकरीत मला सगळ्यांत जास्त खटकलेले वाक्य तेच.

जुलैत निर्णय आला. खाण्यास अयोग्य, अन्य उपयोग धोरणात बसत नाही, सबब ऑक्टोबरमध्ये छाटलेल्या ओळी काढून जमीन बियाणे विभागाला द्यावी. भिंतीकडची ओळ नमुना म्हणून ठेवण्यास हरकत नाही. धोंडगे यांनी वेली उपटायला घीसाजीला पाठवले आणि स्वतः दिवसभर कचेरीत बसून राहिले. संध्याकाळी त्यांनी मला विचारले, “तुम्ही बघितलं का? मुळं केवढी होती?”

मी पाहिली होती. मांडीएवढी खोल गेली होती, आणि ओली होती. तसे सांगितले.

त्या ऑगस्टमध्ये तिथे टोमॅटोची रोपे लागली. भिंतीकडची ओळ पुढच्या जानेवारीच्या अखेरीस छाटली गेली आणि जूनमध्ये तिला फळ आले. साबोंना ते पत्राने कळवण्यात आले. १९६४ च्या जुलैत माझी जयपूरहून बदली झाली. त्याच्या आदल्या महिन्यात त्या ओळीची तोडणी झाली, ती मी पाहिली.